नाव कोणाचे, हात कोणाचे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

“कार्टून हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय झाला?” असे संपादक मंडळातील एका मैत्रिणीने मला तोंडावर विचारले. तिच्या मते मी संत जनाबाईंवर लिहावे, गोदाकाठावर लिहावे, नाहीतर स्त्रीशिक्षणावर लिहावे. तिन्ही विषय चांगलेच आहेत, आणि दरवर्षी त्यांवर कोणी ना कोणी लिहितेच. पण वर्गात, बसस्टँडवर आणि घरी मी ज्या विषयावरून सर्वांत जास्त भांडले आहे तो विषय हाच, म्हणून मी तोच धरला.

भांडण असे आहे. आमच्या वर्गात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जपान्यांनी केले तेच खरे कार्टून, आपले लोक नुसते नकलाकार. पॉपायच्या पालकाचा यांनी लाडू केला आणि छोटा भीम उभा केला. तोच लाडू गेला आणि समोसा आला की झाला मोटू! दुसरा तट म्हणतो, आपले ते आपले. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने आणि राजीव चिलका यांनी २००८ साली भीम आणला नसता तर आपली लेकरे अजून परक्यांच्याच ताटात जेवत बसली असती. दोन्ही तटांचे लोक निर्मात्यांची आणि स्टुडिओंची नावे अशी घेतात की जणू आखाड्यातले पैलवानच. हा मोठा, तो चोर, अमका थोर, तमका भिकार!

मला या दोन्ही तटांत बसता येत नाही. का, ते सांगण्याआधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि वस्तीवरची निम्मी घरे कुलूप लावून कारखान्याच्या वाटेला लागतात. ती परत येतात तेव्हा ऊन तापू लागलेले असते. गंगाखेड तालुक्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. मी आणि धाकटा भाऊ आजीपाशी राहायचो. सांजच्याला आजी आम्हाला शेजारच्या काकूंच्या टीव्हीपुढे बसवायची आणि भाकरी थापायला जायची. तेव्हा भीमाचे ढोलकपूर हे गाव पालमच्या वाटेवर कुठेतरी असणार असा माझा पक्का हिशेब होता. आई आठवून रडू येण्याची जी वेळ, नेमकी त्याच वेळी भीम लाडू खायचा. म्हणून कार्टून म्हणजे पोरखेळ असे कोणी म्हटले की मला राग येतो. आमच्यासारख्या कितीतरी लेकरांना सहा-सहा महिने त्याने सांभाळले आहे. ज्याच्या हवाली लेकरू केले त्याची चौकशी करू नये की काय?

आता मुद्द्याचे. आपल्या कार्टूनांवर पहिला आरोप असा की त्यांतली माणसे लाकडासारखी हलतात. हे खरे आहे. पण त्याचे कारण निर्मात्याच्या अंगात कला नाही हे आहे काय? जरा हिशेब करून पाहू. हलणारे चित्र म्हणजे सेकंदाला २४ चित्रे. टीव्हीवरची एक गोष्ट ११ मिनिटांची धरली तर ६६० सेकंद होतात, म्हणजे १५,८४० चित्रे. एकेक चित्र दोनदा दाखवले तर ७,९२० पुरतात, तीनदा दाखवले तर ५,२८०. याहून काटकसर करायची तर धड तसेच ठेवून नुसते तोंड हलवायचे, मागचा तोच डोंगर पुन्हा पुन्हा फिरवायचा, पळण्याची चित्रे एकदाच काढून दहा गोष्टींत वापरायची. आता संगणकावर हातपाय सुटे करून कळसूत्री बाहुलीसारखे जोडतात. ‘मोटू-पतलू’मध्ये तर आख्खी बाहुलीच संगणकात घडवलेली असते. तरी तिला हलवायला माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात.

याचा सर्वांत चांगला दाखला अमेरिकेचा आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एम. जी. एम. कंपनीत ‘टॉम अँड जेरी’ केले आणि त्याला सात ऑस्कर मिळाले. त्यातले मांजर कसे पाण्यासारखे वाहते! १९५७ साली कंपनीने तो विभागच बंद केला. दोघांनी टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीवाले जे पैसे देत होते ते आधीच्या एक दशांशाहूनही कमी होते. मग त्यांनी काय केले? योगी नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय बांधला. अस्वलाला टायची काय हौस? पण कॉलरमुळे मान आणि धड यांच्यामधला सांधा झाकला जातो. धड तसेच ठेवून डोके तेवढे नव्याने काढता येते. आमच्या वर्गातले विद्वान टॉम-जेरीला डोक्यावर घेतात आणि योगीच्या ठोकळेपणाला हसतात, पण दोन्ही त्याच माणसांचे आहेत. माणसे तीच, भाव पडला!

जपानची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. तिथे ओसामु तेझुका यांना चित्रकथांचा देव म्हणतात. त्यांच्या मुशी प्रॉडक्शनने १ जानेवारी १९६३ पासून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका टीव्हीवर आणली. जपानी टीव्ही-कार्टूनचा आजचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे, असे मानतात. पण तेझुकांनी तिचा एकेक भाग वाहिनीला खर्चाहूनही बराच कमी भावात विकला. तूट खेळण्यांवर, चॉकलेटवर चित्र छापण्याच्या हक्कांतून भरून काढायची असा त्यांचा बेत. त्यांना ते काही काळ निभावले. पण एकाने भाव पाडला की बाजारात दुसऱ्याला वाढवून कोण देतो? पुढच्यांना त्याच भावात राबावे लागले. १९७३ साली खुद्द मुशी प्रॉडक्शनचेच दिवाळे वाजले. १९८९ मध्ये तेझुका वारले तेव्हा सगळीकडे त्यांचे गुणगान चालू होते. त्या वेळी हायाओ मियाझाकी या दुसऱ्या मोठ्या कलावंताने स्पष्ट सांगितले की कमी पैशांत कार्टून करून देण्याची ही वाईट चाल यांनीच पाडली. मेलेल्या माणसाबद्दल असे बोलावे काय, यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला. मला मियाझाकींचे बोलणे पटते. तेझुकांच्या कथा थोरच आहेत, त्यांचे नाव कोणी पुसू शकत नाही. पण ज्या मुलाने रात्रभर जागून दोन मोठ्या चित्रांच्या मधली चित्रे काढली, त्याला त्या नावाचा काय उपयोग झाला? जपानात अशा मधली चित्रे काढणाऱ्यांना कितीतरी ठिकाणी दर चित्रामागे पैसे मिळतात.

हे मी एकदा घरी सांगत होते. माझे वडील कधी शाळेत गेलेले नाहीत. ते कोयत्याला धार लावता लावता ऐकत होते. म्हणाले, “म्हंजी टनावर तोड म्हन की!”

वाचकहो, दोन वर्षे भांडून मला जे नीट मांडता आले नाही ते त्यांनी पाच शब्दांत सांगितले. बाकी सगळे त्यावरून जुळत गेले. अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’ या नामांकित मालिकेची चित्रे कित्येक वर्षे दक्षिण कोरियातल्या ‘एकॉम’ या स्टुडिओत निघत आली. ‘जेकर्स’ ही आयर्लंडच्या खेड्यातील डुकराच्या पिलाची मालिका; तिचे काम मुंबईच्या क्रेस्ट कंपनीत झाले. कारखाना एकीकडे, फड दुसरीकडे, मध्ये मुकादम. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते. कोयत्याचे असते काय?

याला अपवाद नाहीत असे नाही. क्योटो अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओने चित्रामागे पैसे न देता महिन्याच्या पगारावर माणसे ठेवली, त्यांना शिकवले, आणि त्यांच्या चित्रांतला फरक साध्या प्रेक्षकालाही दिसतो. १८ जुलै २०१९ रोजी एका माथेफिरूने त्या स्टुडिओला आग लावली. ३६ जण गेले. त्यानंतर जगभरचे लोक त्यांची नावे वाचून रडले, असे मी वाचले तेव्हा मलाही गलबलून आले, आणि एक कडू विचारही आला की चित्रकारांची नावे लोकांनी वाचावीत यासाठी एवढे व्हावे लागले.

आपल्याकडची स्थिती पाहा. मी आमच्या वर्गातल्या तीस जणांना विचारले, ‘मोटू-पतलू’ कोणी केले? ती पात्रे ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातली, हे दोघांना माहीत होते. २०१२ साली सुरू झालेली ही मालिका मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओची, तिचे दिग्दर्शक सुहास कदव, हे एकालाही सांगता आले नाही. २००५ सालच्या ‘हनुमान’ चित्रपटाचे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत, हेही नाही. माझा मामा अजून दूरदर्शनवरच्या मोगलीचे गाणे गुणगुणतो. शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता हे तो अभिमानाने सांगतो, पण ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने काढली हे त्याला मीच सांगितले, आणि त्याने अजून ते मानलेले नाही! ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा १९७४ चा बोधपट दूरदर्शनवर पाहून एक आख्खी पिढी वाढली. त्याच्या मागे विजया मुळे नावाची मराठी बाई होती, चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे. भीमसेन हे नाव घेतले की आमच्याकडे लोक जोशीबुवांचे अभंग म्हणू लागतात.

आणि राम मोहन. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टूनचा विभाग निघाला, डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, तिथे घडलेला हा माणूस. पुढे स्वतःचा स्टुडिओ काढून त्यांनी जपान्यांबरोबर ‘रामायण’ केले. तो चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा वर्गातले जपानवाले आणि भारतवाले दोघेही ‘हा आमचा’ म्हणून भांडले. मला मात्र त्यांची ‘मीना’ जास्त मोलाची वाटते. युनिसेफसाठी केलेली ही मालिका. मीनाच्या भावाला शाळेत घालतात, तिला घालत नाहीत. मग तिचा मिठू पोपट शाळेच्या खिडकीशी बसून पाढे ऐकतो आणि तिला येऊन शिकवतो. मैत्रीण मला स्त्रीशिक्षणावर लिही म्हणत होती. घे, लिहिले!

थोडे घरचेही सांगते. माझा आतेभाऊ हा आमच्या भावकीतला पहिला बारावी. हात फार चांगला. दोन एकरांतले एक एकर गहाण टाकून आत्याने त्याला पुण्याला अ‍ॅनिमेशनच्या शिक्षणाला पाठवले. शिक्षण झाले, एका स्टुडिओत काम लागले. तिथे रोज अमुक इतक्या सेकंदांची हालचाल पुरी करून द्यायची असा नेम होता. कमी भरली तर थांबून भरून द्यायची. तीन वर्षे त्याने एका मालिकेतल्या पात्राला पळवले, पाडले, उठवले. त्या मालिकेचा एक भाग आत्याने मोबाइलवर लावला आणि शेवटी पाट्या आल्या तेव्हा दादाचे नाव शोधू लागली. आत्याला वाचता येत नाही, म्हणून मला बोलावले. मी तीनदा मागे नेऊन पाहिले. नावे अशी पळतात की शेवटचे अक्षर वाचेपर्यंत पुढची ओळ निघून जाते. त्यात दादाचे नाव नव्हतेच. आत्या म्हणाली, “आसंल, बारीक आसंल.”

नावासाठी भांडणे हे काही नुसते मानाचे भांडण नाही. नाव पडद्यावर आले तर पुढच्या ठिकाणी ते दाखवून काम मिळते, चार पैसे वाढवून मागता येतात. १९४१ साली खुद्द वॉल्ट डिस्नेच्या चित्रकारांनी संप केला तेव्हा पगाराइतकीच पडद्यावरच्या नावाचीही तक्रार होती. आपल्या गंगाखेडला तर हे लवकर कळायला हवे. सातशे वर्षांपूर्वी इथे जन्मलेल्या, दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनीने आपल्या अभंगात आपले नाव घातले, म्हणून तर ती आज आपल्याला ठाऊक आहे.

असो. पण एवढे सगळे बोलले म्हणून आपल्या स्टुडिओंना मी मोकळे सोडते असे कोणी समजू नये. पैसे कमी म्हणून चित्रे कमी, हे मी समजून घेते. गोष्ट कमी का? संकट येते, भीम मार खातो, लाडू खातो, शत्रू उडून पडतो; पुढच्या भागात पुन्हा तेच. विचार करायला सेकंदाला २४ चित्रे लागत नाहीत. मुंबईच्या वैभव कुमारेश यांचे ‘लॅम्पुट’ पाहा. एक नारिंगी गोळा प्रयोगशाळेतून पळालेला, दोन डॉक्टर मागे लागलेले, बोलणे जवळपास नाहीच. सुरुवातीला एकेक भाग १५ सेकंदांचा होता. त्या १५ सेकंदांत माझा भाऊ आणि माझी आजी एकाच वेळी हसतात. गरिबीच्या नावाखाली कंटाळवाणेपणा खपवणाऱ्यांनी ते बघावे.

‘शिनचॅन लेकरांना बिघडवतो’ हीही एक नेहमीची तक्रार. २००८ साली सरकारने त्याच्यावर आपल्याकडे बंदी घातली होती, नंतर काटछाट करून तो परत आला. योशितो उसुई यांनी ही चित्रकथा मुळात मोठ्या माणसांच्या साप्ताहिकासाठी काढली होती. ती लेकरांच्या वाहिनीवर दुपारी चारला लावण्याचे ठरवणारे वेगळेच, शिव्या मात्र उसुईंच्या वाट्याला.

आता भाषेविषयी. ‘मोटू-पतलू’ मुंबईत घडते. पण फुरफुरीनगर हिंदी बोलते. माझा भाऊ पाच वर्षांचा असताना आईला फोनवर “मम्मी, कब आओगी?” असे विचारायचा, आणि कारखान्याच्या कोपीत बसलेली माझी माय मुकादमाला विचारायची की लेकरू काय म्हणतंय. ही थट्टेची गोष्ट नाही. अलीकडे काही कार्टूनांना मराठी आवाज चढवलेला मिळतो, पण ती मराठी ऐकली की पाठ्यपुस्तक बोलते आहे असे वाटते. २०१८ साली ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी अ‍ॅनिमेशनपट आला, चांगलेच झाले. पण रोज संध्याकाळी, सहा महिने, कोपीत नाहीतर आजीजवळ बसून पाहायचे ते? त्यात कोणी “कामून रडतो रे?” असे विचारेल तर ते लेकराला आपले वाटेल. जात्याशी बसून विठ्ठल जनीला दळू लागतो, ही गोष्ट तर चित्रे हलवण्यासाठीच जन्मली आहे. मुंबई-पुण्याच्या इतक्या स्टुडिओंत मराठी माणसे बसलेली आहेत, त्यांच्यापैकी कोणाला हे सुचत नसेल असे मला वाटत नाही. सुचत असणार. वाहिनीला ते परवडत नाही, असेच उत्तर मिळत असणार.

आणि आता तर हातच नकोत अशी भाषा सुरू झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली मालिका आली. तिच्यातली चित्रे चकचकीत आहेत, पण डोळ्यांत जीव नाही, असे माझे मत. आमच्याकडे ऊस तोडायला हार्वेस्टर आले, तेव्हाही असेच म्हणत होते की आता माणसाचे काम संपले. हार्वेस्टर पुढे जातो आणि मागे राहिलेला ऊस वेचायला बायाच लागतात. फक्त त्यांची मजुरी तोडणीची नसते, वेचणीची असते. दादाच्या एका मित्राला सध्या यंत्राने काढलेल्या चित्रांतली चुकलेली बोटे नीट करण्याचे काम मिळाले आहे. ते ऐकून वडिलांनी विचारले, “वेचनीचा भाव काय देत्यात?”

मी शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ‘अ’ श्रेणीत पास झाले. बी. ए. झाल्यावर पुढे काय, याची चर्चा आमच्या घरी आतापासून सुरू आहे, आणि आत्याचे गहाण एकर सर्वांना पाठ आहे. एका संस्थेचे माहितीपत्रक माझ्याकडे आले आहे. त्यावर मोठमोठ्या स्टुडिओंची नावे आहेत, हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो आहेत, फी आहे, हप्ते आहेत. काम महिन्याच्या पगारावर मिळते की सेकंदांवर, आणि पाटीवर नाव येते की नाही, हे त्यात कुठेही छापलेले नाही. या दोन प्रश्नांची चिठ्ठी लिहून मी मागच्या आठवड्यात त्यांना मेल केली आहे. त्यांचा फोन दोनदा आला, तो हप्ता कधी भरता हे विचारायला.